नसलेल्या माणसाची खुशाली

परराष्ट्र खात्यातल्या साहेबांनी पत्र टेबलावरून तिच्याकडे सरकवलं आणि हळू आवाजात सांगितलं, की आता सरकारला करण्यासारखं काही उरलेलं नाही.

तिचा धाकटा भाऊ लिफ्ट बसवायच्या कामावर परदेशी गेला होता. तिथे मजुरांना कोंडून मारतात, हे त्याने एका वार्ताहराला सांगितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तो गायबच झाला. तिथलं सरकार कानांवर हात ठेवून बसलं. इथलं सरकार म्हणे, विचारणा केली आहे. अडीच वर्षं ती दर मंगळवारी अर्धी रजा टाकून या कचेरीत यायची. नवा अर्ज द्यायची आणि त्या देशाला जरा खडसावून विचारा, म्हणून साहेबांच्या मागे लागायची. तिला पाहिलं की दारावरचा शिपाई कॅलेंडर न बघताच मंगळवार ओळखायचा.

आज एकदाचं उत्तर आलं होतं. साहेबांनी तिला पहिलं वाक्य तेवढं वाचून दाखवलं होतं: या नावाचा कोणीही इसम आमच्या ताब्यात नाही आणि कधीही नव्हता.

पण ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका वेचून काढलेली बाई. हातातला कागद शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. तिने पत्र वाचलं. परत वाचलं. आणि तिला हसू फुटलं. ते आवरेचना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला असं वाटून साहेबांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला.

तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. ‘त्याची प्रकृती उत्तम असून तो दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतो.’

“साहेब,” ती म्हणाली, “नसलेला माणूस जेवतो कसा?”

साहेबांनी ती ओळ तीनदा वाचली. मग फोन उचलला.

जी चक्रं अडीच वर्षं हलली नव्हती, ती आठवड्याभरात गरगरा फिरली. मंत्र्यांनी त्या देशाच्या राजदूताला बोलावून ती ओळ त्याच्यापुढे धरली. त्याची अशी काही त्रेधा उडाली, की वर्तमानपत्रांना चार दिवस दुसरा विषय सुचला नाही. दीड महिन्याने भाऊ विमानतळाच्या दारातून बाहेर आला. अंगाने निम्मा झाला होता, पण पहिली थट्टा त्याने ताईच्या पिकलेल्या केसांवरूनच केली.

घरी पंगतीला सगळे जमले. वाढता वाढता ताईने पत्राची गोष्ट रंगवून सांगितली. तिकडचा कुठला तो वेंधळा कारकून, त्याने अकलेचे दिवे पाजळले म्हणून तू सुटलास, असं ती म्हणाली आणि सगळे पोट धरून हसले.

भावाने हातातला घास खाली ठेवला.

“वेंधळा नव्हता गं तो, ताई. म्हातारा हजेरी घ्यायला कोठडीत यायचा. एक दिवस हळूच विचारलं त्याने, घरी काय कळवू? मी म्हटलं, जेवतोय म्हणावं. तर म्हणाला, तुझ्याबद्दलचं पत्र मीच टाइप करतोय, आमचा साहेब न वाचताच सही करतो. आणि मी उद्या निवृत्त होतोय. जन्मभर वरून सांगितलेलं खोटं टाइप केलं. जाता जाता एक ओळ खरी घालून जातो.”