चाळीस मिनिटांचं ऊन

घड्याळजी पाण्याचा तांब्या घेऊन बाल्कनीत आले, तर टोमॅटो जागेवर नव्हता. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं ते रोप भिंतीशी, सावलीत सरकवलेलं होतं. त्याच्या जागी प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीत बायको, दोन्ही गुडघे उन्हात सोडून.

अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. समोरच्या दोन इमारतींच्या फटीतून ऊन दिवसातून एकदाच इथं यायचं, अकरा दहाला, आणि अकरा पन्नासला निघून जायचं. घड्याळजींनी फरशीवर खडूनं चार वर्तुळं काढून प्रत्येकापुढे वेळ लिहिली होती. दर दहा मिनिटांनी डबा वीतभर डावीकडे. चार महिने एक दिवस चुकला नव्हता.

"डबा कुणी हलवला?"

"आणखी कोण आहे घरात?" बायको म्हणाली.

घड्याळजींच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं जिन्याखालच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात दिव्याखाली मान घालून काढली होती. आता एक टोमॅटो हवा होता, आपल्या उन्हात लाल झालेला. फक्त एक. सात रोपांतली सहा मेली. उरलेल्याची फुलं एकेक करून गळली. माती बदलली, खत बदललं, शेजारच्याला शिव्या घालून झाल्या. बायको पहिल्या दिवसापासून सांगत होती की सावलीत पुदिना लावा, तो येतो. पण पालथ्या घड्यावर पाणी. बंद पडलेलं चालू करण्यात जन्म गेलेल्या माणसाला 'हे चालणार नाही' हे वाक्य ऐकूच येत नाही.

काल एक नवीन फूल आलं होतं. शेवटचं.

"आजच बसायचं होतं तुला इथं?"

"डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांना रोज ऊन द्या."

"कधी म्हणाले?"

"चार महिने झाले."

"मग बोलायचं नाही का?"

"बोलले होते. तुम्ही घड्याळ बघत होतात." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "आणि खरं आहे तुमचं. माझ्या गुडघ्यांना थोडेच टोमॅटो लागणार आहेत!"

घड्याळजींनी डब्यावर राग काढला. दोन्ही हातांनी कडा धरली आणि डबा फरशीवरून उन्हाकडे फरफटत ओढला. वाटेत तो फरशीच्या उंचवट्याला अडला. त्यांनी हिसका दिला. रोप गदगदा हललं आणि पिवळं फूल टपकन खाली पडलं.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली.

"उठते मी," बायको म्हणाली. तिनं एक हात भिंतीला लावला, दुसरा खुर्चीच्या हातावर रेटला. अर्धी उठली, तोंडातून बारीक आवाज निघाला, तशीच थांबली. मग पुन्हा जोर केला. एवढं उठायला तिला एवढा वेळ लागतो, हे घड्याळजींनी पाहिलं नव्हतं. अकरा ते बारा या वेळात त्यांनी चार महिने फक्त रोप पाहिलं होतं.

"बस," ते म्हणाले.

"अहो, पण तुमचं ऊन जाईल."

"बस म्हटलं ना!" आवाज अजून चढलेलाच होता.

ती बसली. घड्याळजींनी फूल चिमटीत उचललं, सवयीनं एक डोळा मिटून बारीक पाहिलं. दुरुस्त होण्यासारखं काही नव्हतं. फूल त्यांनी डब्यातल्या मातीवर ठेवलं. डबा पायानं भिंतीकडे लोटला आणि स्वतः फरशीवर बसले, पाठ फिरवून. बराच वेळ पुटपुटत होते. मातीला, इमारतींना, डॉक्टरला, सगळ्यांना.

अकरा वीस झाली. ऊन वर्तुळातून निसटून बायकोच्या एकाच गुडघ्यावर उरलं. ती पुन्हा भिंतीकडे हात नेऊ लागली.

"उठू नकोस," घड्याळजी म्हणाले. गुडघ्यांवर रांगत ते जवळ आले, दोन्ही हातांनी खुर्चीचे पाय धरले आणि तिच्यासकट खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली.