अहो घरी आले

यंत्र कधी खोटं बोलत नाही, असं वजनमाप खात्यातले निरीक्षक छातीवर हात ठेवून सांगत. त्यांची अख्खी नोकरी मात्र दुकानदारांचे खोटे काटे पकडण्यात गेली होती.

कॅमेऱ्याची बेल त्यांनी दाराला स्वतः बसवली. तिच्यात घरच्यांचे चेहरे नावानिशी नोंदवायचे होते. बायकोने नवऱ्याच्या फोटोखाली सरळ 'अहो' लिहिलं.

पहिल्याच संध्याकाळी ते बसमध्ये असताना मोबाइल वाजला : 'अहो घरी आले.' वेळ सहा वाजून दहा मिनिटं. ते पोचले साडेसहाला. बायकोने दार उघडलं. आत दुसरं कुणी नव्हतं.

"बेलचं घड्याळ पुढे असेल," ते म्हणाले.

"असू दे. तुमच्यापेक्षा वेळेवर तरी येतंय कुणीतरी."

घड्याळ तपासलं, बिनचूक होतं. आठवडाभर रोज तीच नोंद. रेकॉर्डिंगमध्ये ते स्वतःच नीट पाय पुसून आत जाताना दिसत. एरवी पाय पुसण्यावरून ते रोज बोलणी खात.

शनिवारी त्यांची किल्ली लागेना. दाराला आतून कडी होती. त्यांनी बेल दाबली.

"कोण?" बेलमधून बायकोने विचारलं.

"अगं, मी. कडी काढ."

ती घरात वळून म्हणाली, "अहो, जरा बघता का? दारात कुणीतरी उभं आहे. दिसतंय अगदी तुमच्यासारखं."

"उघडू नकोस," आतून निरीक्षकांच्याच आवाजात उत्तर आलं. "हल्ली कुणाचा भरवसा राहिलेला नाही."

बेलचा आवाज बाहेर अगदी स्वच्छ येत होता.