कोरडा कप

"आजही फेस नाही?" बाबांनी खुर्चीतूनच विचारलं.

नागपूरच्या फ्लॅटमध्ये मी समुद्री माशांची टाकी मांडली होती. तिला नवं स्किमर बसवलं. ते पाण्यातला मळ फेसासोबत वरच्या कपात काढतं. दुकानदार म्हणाला होता, "नवं यंत्र रुळायला आठवडा जातो. फक्त तेलकट हात पाण्यात घालू नका, फेस धरतच नाही." महिना उलटला, तरी कप कोरडाच. मी यंत्रावर, दुकानदारावर, सगळ्यांवरच वैतागलो होतो.

आज डबा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. बाबा टाकीपाशी उभे होते. गुडघ्यांना चोळलेल्या तेलाचा वास घरभर. त्यांनी बाही वर सारली, हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवला आणि डोळे मिटून बोटं चाटली. जन्मभर हर्णैच्या बंदरातून होडी काढलेला माणूस. आई गेल्यावर मीच त्यांना इकडे आणलं होतं.

मला पाहताच त्यांनी हात मागे लपवला. फरशीवर थेंब पडत राहिले.

"आपल्याकडचं जास्त खारट असतं," ते ओशाळून म्हणाले.

मी टाकीसाठी आणलेल्या समुद्री मिठाची पिशवी उघडली. "थोडं थोडं घालतो, बाबा. तुम्ही चाखून सांगा."