सहा सरकारी कोंबड्या

आठव्या खेपेलाही कोंबड्यांचं रक्त निर्मळ निघालं आणि त्याच आठवड्यात गावात तिसरी माती झाली. या दोन गोष्टींचा मेळ डॉक्टर बालझियाला काही केल्या लागेना. आज नवव्यांदा रक्त घ्यायला ती सिरदर्या नदीकाठच्या या गावी आली, तर कोंबड्यांची राखण करणाऱ्या म्हातारीचाच, उल्तुगान अपाचाच, नवरा तापाने फणफणलेला. मान ताठ झाली होती, हात थरथरत होते. कधीच मेलेल्या एका घोड्याला तो नाव घेऊन हाका मारत होता. बालझियाने जिल्ह्याच्या दवाखान्यात फोन लावला. गाडी निघाली, पण रस्ता असा की पोचायला संध्याकाळ होणार.

दुखणं कुठलं ते तिला ठाऊक होतं. वेस्ट नाईल. गावामागच्या तळ्यांवर वसंतात दुरून पाणपाखरं उतरतात, ती हा विषाणू रक्तातून घेऊन येतात. डास आधी पाखरांना चावतात, मग माणसांना. तळ्यावरच्या हजारो रानपाखरांचं रक्त कोण तपासत बसणार? म्हणून सरकारने बोरूच्या बेटाला लागून, अपाच्या परसात, तारेच्या खुराड्यात सहा कोंबड्या ठेवल्या होत्या. विषाणू आला की डासांमार्फत त्यांच्या रक्तात खूण उमटणार. कोंबडीला त्याचं काही होत नाही. खूण दिसली की गावात फवारणी करायची. लोक घाबरतील म्हणून यातलं गावात काही बोलायचं नाही, असा वरून हुकूम होता, आणि बालझियाने तो इमानेइतबारे पाळला होता.

खूण दिसलीच नाही. फवारणीची गाडी दुसऱ्या गावाला गेली, आणि त्या कागदावर सही बालझियाची होती. मेलेल्या तिघांची तपासणी न होताच त्यांना पुरलं गेलं. फवारणीसाठी तिने वरच्या साहेबांना विनवून पाहिलं. साहेब म्हणाले, सत्तरीची माणसं, वय झालं होतं त्यांचं. तुझ्याच कोंबड्या ठणठणीत आहेत ना? कोंबड्या ठणठणीत होत्याच.

म्हाताऱ्याच्या कपाळावर ओल्या घड्या ठेवता ठेवता तिने अपाला खोदून खोदून विचारलं. एखादी कोंबडी मेली होती का, गुपचूप दुसरी आणून ठेवली का, रात्री घरात घेता का. अपा दुखावली. एवढं घरचं माणूस पडलेलं असताना तिने पाहुणीला दुधाचा चहा दिला होता, तळलेले बाउरसाक पुढे सरकवले होते, आणि पाहुणी तिलाच चोर ठरवायला बसली होती.

"जा, त्यांच्या पायांतली सरकारी कडी बघून घे," ती म्हणाली. "सहाच्या सहा तुझ्याच आहेत."

बालझिया जाऊन बघून आली. तिच्याच होत्या. तिला स्वतःची लाज वाटली.

ऊन उतरलं तसे बोरूतून डास उठले. बसल्या जागी बालझियाने मानेवर सात-आठ मारले. एरवी ती सकाळी दहाला येऊन अकराला परतायची. या गावची संध्याकाळ तिने कधी पाहिलीच नव्हती. म्हाताऱ्याच्या उघड्या अंगावर डास बसत होते. ती टॉवेलने वारत राहिली, पण किती वारणार?

"अपा, यांना मच्छरदाणी का नाही लावत? घरात नाहीये का?"

"आहे की. एकच आहे."

अपाने कोपऱ्यातल्या पेटीतून पांढऱ्या मच्छरदाणीची घडी काढली. खाटेकडे मात्र ती वळली नाही, परसात गेली. बालझिया तिच्यामागे दारापर्यंत आली. म्हातारीने मच्छरदाणी खुराड्यावर पसरली, चारी बाजूंनी नीट खाली ओढली आणि कडेने विटा ठेवल्या. कुठे फट राहिली का, ते वाकून पाहिलं. बालझियाने चौकट धरली.

"वसंतापासून रोज घालते," अपा कंबर सरळ करत म्हणाली. "सकाळी काढून ठेवते. म्हाताराच म्हणाला, आपण डासांतच जन्मलो, आपल्याला काय होतंय. त्या पाहुण्या आहेत, त्यांना दे. आणि तूच म्हणाली होतीस ना, पोरी, की गावाचा जीव यांच्यावर आहे? मी एक डास शिवू दिला नाही त्यांना."