मक्यातली वाट
सगळं इंग्लंड सुट्टीत तळ्यांकाठी धावतं. माझी बायको डोरीन नकाशा पसरून कुत्रंही फिरकत नाही अशी शेतातनं जाणारी सार्वजनिक पायवाट निवडते. "चाललं नाही की शेतकरी वाट गिळतात," म्हणते. यंदाची वाट पुरुषभर मक्यात बुडाली होती. फाटकावरचा शेतकरी हसला, "मका दिसत नाही का, बाईसाहेब? रस्त्यानं जा." डोरीननं नकाशातली पायवाटेची हिरवी तुटक रेघ त्याच्या नाकासमोर धरली. "वाट सगळ्यांची आहे, तुझी नाही." "इथनं येतंय कोण?" "आम्ही!" म्हणत ती ताटं मोडत आत घुसली. मग आठवडाभर रोज तेच; माझे गुडघे गेले कामातून. रविवारी मात्र तुडवलेल्या वाटेवर समोरून काठी टेकत, टोपी सावरत एक म्हातारी आली. फाटकातल्या शेतकऱ्याकडं बघून मोठ्यानं आम्हाला म्हणाली, "वीस वर्षं माझ्याच ह्या पोरानं मला मैलभर वळसा घालायला लावलाय. आता सरका, चर्चला उशीर होतोय!"