वरची डाळ शिजत नाही

"वरच्यांची डाळ शिजत नाहीये म्हणे. आणि तू मला सांगतही नाहीस, मावशी?" दारात चपला काढता काढताच राकेशने विचारलं.

लताबाईंचं लाटणं थांबलं. "तुला कोणी सांगितलं?"

"शेजारच्या नवसाबाईंनी. पाण्यापायी खोली सोडतील पोरं, म्हणाल्या."

"नवसाबाईच्या जिभेला काही हाड? पाण्याला धाड भरलेली नाही. बस, पुरणपोळी खा अर्धी, आणि जा आपल्या कामाला."

राकेश बसला, पण कामाला काही गेला नाही. घरोघरी पाण्याचे फिल्टर बसवणं हाच त्याचा धंदा. अख्ख्या नाशिकरोडचं पाणी तपासत फिरायचं आणि सख्ख्या मावशीच्या नळाकडे बघायचं नाही, हे काय बरं दिसतं?

आणि खरं सांगायचं तर तो घाबरला होता. मावशीचे यजमान भिमाजी काका तीस वर्षं व्हॉलमन होते. पहाटे उठून निम्म्या कॉलनीचं पाणी तेच सोडायचे. व्हॉल फिरवायची त्यांची ती लांब लोखंडी चावी अजून दारामागे उभी होती. डिसेंबरात काका गेले आणि मावशीने गॅसच पेटवायचा सोडला. चहा आणि खारी, खारी आणि चहा. राकेशच्या आईने पाठवलेले डबे तसेच्या तसे परत यायचे. एप्रिलात संघर्ष आणि स्नेहा हे जोडपं वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलं, तेव्हा कुठे घरात माणसांचा आवाज आला. आता मावशी पोळ्या लाटत होती, केस विंचरत होती. ही पोरं गेली तर ती पुन्हा अंथरूण धरणार, हे सांगायला डॉक्टर कशाला हवा?

"पुरणपोळी तू केलीस?" त्याने विचारलं.

"नाही रे, वरून आली. मी रोज वाटीभर वरण देते तिला. ती सकाळी वाटी परत करायला येते, पण रिकामी कधी आणत नाही. वळण चांगलंय पोरीला."

राकेशने घास तोंडात कोंबला आणि पिशवी उघडली. नळाखाली बाटली धरली, औषधाचे थेंब मोजून टाकले, मीटर बुडवला. पाणी उत्तम. डाळ न शिजण्याइतकं जड तर मुळीच नाही.

"टाकीत बोअरचं पाणी जातं का?"

"बोअर कधीचा बंद आहे."

"मग वरचा नळ बघून येतो."

"वर नको जाऊस," लताबाई चटकन म्हणाल्या. "झोपली असेल ती."

"अकरा वाजलेत, मावशी!"

"मग स्वयंपाकात असेल. कशाला तिला त्रास?"

काकांच्या पाण्यात खोट निघेल म्हणून घाबरतेय बिचारी, असं राकेशला वाटलं. तो जिना चढला.

त्याची पिशवी बघून स्नेहाचा चेहरा उतरला. "काकूंनी पाठवलं का तुम्हाला?"

"मीच आलो. डाळीत मीठ, चिंच आधीच घालता का?"

"नाही."

"डाळ जुनी आहे?"

"नाही... म्हणजे, काकू आणतात त्याच दुकानातून आणते." ती गॅसच्या पुढ्यातून हलत नव्हती.

त्याने तिथल्या नळाचं पाणी तपासलं. खाली तेच, वरही तेच. आता राहिला कुकर. "रबर गेलं असेल. बघू."

"नको, गरम आहे!"

कुकर गार होता. राकेशने झाकण काढलं. आत पिवळीधमक डाळ, पळी लावली की मोडेल इतकी शिजलेली.

"वा!" राकेश भडकला. "आणि मावशीकडून रोज वाटी उकळता? लाज नाही वाटत?"

स्नेहाने मान खाली घातली. "आम्ही आलो तेव्हा काकू उठतच नव्हत्या. ताट घेऊन गेले की म्हणायच्या, भूक नाही. एकदा माझी डाळ खरंच कच्ची राहिली. मी सहज बोलून गेले, इथलं पाणीच खराब दिसतंय. तर ताडकन उठून बसल्या. 'ह्यांनी तीस वर्षं सोडलेलं पाणी खराब?' म्हणाल्या. गॅस पेटवला, डाळ लावली, आणि मला दाखवायला माझ्यासमोर बसून जेवल्या. पोटभर."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, काकू, आज पण नाही शिजली."

राकेशचे डोळे भरून आले. त्याने झाकण गुपचूप परत लावलं.

"खोली सोडताय?" कसंबसं त्याने विचारलं.

"छे हो! कोण म्हणतं?"

तो खाली आला. मावशीकडे न बघताच त्याने पिशवी आवरायला घेतली.

"वरच्या पाइपातच काहीतरी आहे, मावशी. सापडायला वेळ लागेल. तोवर डाळ तूच देत जा."

"आणि ह्यांचं पाणी?"

"एक नंबर."

"मग झालं तर." लताबाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "ताटात राहिलेली पुरणपोळी संपव. पुरण कसं झालंय?"

"लोण्यासारखं."

"हं. वरच्याच नळाच्या पाण्यात शिजलंय ते, तिच्याच कुकरात."

राकेशचा हात ताटातच थांबला. लताबाईंनी गॅस बारीक केला आणि वरच्या जिन्याकडे एकदा बघून आवाज खाली आणला.

"तिला काही बोलू नकोस हं. मला कळलंय म्हटल्यावर उद्या वाटी घेऊन यायची नाही ती."