हाइडरूनचा चेहरा

हाइडरून शिडीवर चढली आणि विजेच्या खांबावर टांगलेल्या स्वतःच्या हसऱ्या चेहऱ्याकडे तिने रागाने पाहिलं. खाली देटलेफ शिडी धरून उभा होता. तो पक्षाचा जोडीचा अध्यक्ष. जर्मनीतल्या हरित पक्षात एक बाई आणि एक पुरुष अशी जोडीच लागते.

"राहू दे की," तो म्हणाला. "लोकांना आवडतोय."

दुखणं तेच होतं. मागच्या निवडणुकीत पक्ष पार आपटला, तेव्हा हाइडरूनने अध्यक्षपद सोडून तरुण स्वेन्याला पुढे केलं. पण नवी पोस्टरं छापायची म्हणजे कागदाची नासाडी. म्हणून जुन्यांवरच स्वेन्याचा चेहरा चिकटवला, तोही कणकेच्या खळीने, कारण रासायनिक गोंद पक्षात चालत नाही. हा नियमही हाइडरूनचाच. मग यंदा ऐन प्रचारात पाऊस लागला, खळ धुऊन गेली आणि गावभर खांबाखांबावरून हाइडरून पुन्हा हसू लागली. पक्षाला कधी नव्हे इतकी मतं पडली. स्वेन्या नगराध्यक्षपदाच्या, येत्या रविवारच्या दुसऱ्या फेरीत पोचली खरी, पण पक्षात कुजबुज सुरू झाली की हाइडरूनलाच परत आणा.

तिला यायचं नव्हतं. बाल्टिक समुद्राकाठी तिने आणि नवऱ्याने लहानसं घर घेतलं होतं. जन्म बैठकांत गेला, उरलेले दिवस तिला वाळूत पाय खुपसून काढायचे होते. सामानही बांधून झालं होतं.

तिने खिशातून एक नळी काढली. देटलेफने नाक मुरडलं.

"हाइडरून, हा आपला गोंद नाही."

"शेजारच्या गावातून आणलाय. तू गप शिडी धर."

"नळीवर कवटीचं चित्र आहे."

"म्हणूनच आणलाय."

तिने आपल्या चेहऱ्याला कानापासून कानापर्यंत गोंद फासला, वर स्वेन्याला बसवलं आणि पंजाने चांगलं दाबून धरलं. "आता आभाळ फाटलं तरी हलायची नाही," ती समाधानाने म्हणाली.

मग ती हात काढायला गेली. असला गोंद तिने जन्मात हाताळला नव्हता.

"देटलेफ, हात निघत नाहीये."

त्याने वर पाहिलं. स्वेन्याचा सगळा चेहरा हाइडरूनच्या पंजाखाली गेला होता.

बघता बघता माणसं जमली. हवामान वाचवायला रस्त्याला हात चिकटवून बसणारी पोरं गावाने टीव्हीवर पुष्कळ पाहिली होती, त्यामुळे ही चूक असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही. खाटीक दुकानातून बाहेर आला आणि त्याने चक्क टोपी काढली.

"या वयात, हाइडरूनबाई? मानलं तुम्हाला. तुमच्या पक्षाला मी कधी मत दिलं नाही, पण या रविवारी देणार."

देटलेफने शिडी आणखी घट्ट धरली. तो फार खूश दिसत होता.

तेवढ्यात स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार कॅमेरा घेऊन धावत आली. "आपली मागणी काय आहे?"

"मला जाऊ द्या," हाइडरून अगदी पोटतिडकीने म्हणाली.

"सुटका नंतर होईलच," बातमीदार म्हणाली आणि तिने कॅमेरा डोळ्याला लावला. "जरा इकडे बघता?"

हाइडरूनने बघितलं, आणि सवयीने हसली.